रानाचे दप्तर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, लढाया येतात, फार तर मोडी लिपीतले जुने कागद येतात. रानातल्या उंदराचा, खारीचा, बहाव्याच्या फुलोऱ्याचाही इतिहास असतो असे कोणी म्हटले, तर आपण हसू. मीही एके काळी हसलोच असतो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही आज तुमच्यापुढे हा विषय घेऊन आलो, त्याला कारण एक रद्दीत गेलेली वही.

आमच्या गावच्या शाळेत एक गुरुजी होते. त्यांच्या टेबलाच्या खणात एक जाड वही असे. वळवाचा पहिला पाऊस कधी झाला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, ओढ्याचे पाणी कधी आटले, शाळेमागचा बहावा कधी फुलला, हे सारे ते तारखेनिशी लिहीत. आम्हा पोरांना त्यात मोठी मौज वाटे. पावशाची बातमी आधी कोण आणतो, ह्याची पैज लागे. पुढे गुरुजी निवृत्त झाले. वह्या कपाटात राहिल्या. मग शाळेला नवी इमारत झाली, आणि जुन्या कागदांबरोबर त्या वह्याही वजनावर गेल्या. चार वर्षांपूर्वी मी त्या मागायला गेलो, तेव्हा हे कळले. दोष कोणाला द्यावा? मी त्याच गावचा, त्यातून इतिहासाचा एम. ए.; आणि मलाच त्या वह्यांची किंमत कळायला इतकी वर्षे लागली.

ती किंमत कशी कळली, तेच आज सांगायचे आहे.

पृथ्वीची हवा तापते आहे, हे आता तुम्हांला नव्याने सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी तुलना केली, तर पृथ्वीचे सरासरी तापमान एका अंशाहून अधिक वाढले आहे. माणूस पंखा लावील, विहीर खोल करील, पीक बदलील. रानातल्या जिवाने काय करावे? त्याला एकच मार्ग उरतो. जिथे हवा सोसेल तिथे जायचे. डोंगर असेल तर वर चढायचे, नसेल तर थंड प्रदेशाकडे सरकायचे. जे सरकू शकत नाहीत, त्यांनी तग धरायची, नाहीतर नाहीसे व्हायचे. पण कोण सरकले, किती सरकले, हे ठरवायचे कसे? ‘पूर्वी इथे पुष्कळ होते हो’ एवढ्यावर शास्त्र चालत नाही. पूर्वी म्हणजे कधी? इथे म्हणजे कुठे? पुष्कळ म्हणजे किती? कुळकर्ण्याच्या दप्तरात जमिनीचा जसा पुरावा, तसा रानाचा पुरावा हवा.

असा पुरावा तयार करण्याचा एक मोठा प्रयत्न दोनशे वर्षांपूर्वी झाला. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट हा जर्मन विद्वान आपला फ्रेंच सोबती बोंप्लां ह्याच्यासह दक्षिण अमेरिकेत हिंडत होता. १८०२ च्या जून महिन्यात ते आजच्या इक्वेडोर देशातल्या चिंबोराझो ह्या बर्फाच्छादित पर्वतावर चढले. शिखर गाठता आले नाही, पण हंबोल्टच्या ध्यानात एक गोष्ट पक्की आली. पायथ्यापासून वर जाताना झाडांच्या जाती पायरीपायरीने बदलतात, आणि त्या पायऱ्या हवेने ठरवलेल्या असतात. १८०७ साली त्याने एका मोठ्या चित्रात पर्वताचा उभा छेद काढून कुठल्या उंचीवर कोणती वनस्पती, हे नावांनिशी दाखवले. वनस्पतींच्या भूगोलाचे शास्त्र पुढे ह्या चित्राच्या आधाराने वाढले.

२०१२ साली काही शास्त्रज्ञ ते चित्र घेऊन चिंबोराझोवर गेले. झाडोरा सरासरी ५०० मीटरहून अधिक वर सरकला आहे, असे त्यांना आढळले, आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. पण २०१९ साली दुसऱ्या अभ्यासकांनी हंबोल्टचे मूळ कागद तपासले आणि दाखवून दिले, की चित्रावर नाव चिंबोराझोचे असले तरी वरच्या पट्ट्यातल्या बऱ्याच वनस्पती त्याने दुसऱ्याच पर्वतावर, अँटिसानावर, गोळा केल्या होत्या. त्या पर्वतावर जाऊन मोजले तेव्हा सरकणे २१५ ते २६६ मीटर भरले. झाडे वर चढली हे खरेच होते. पण ‘किती’ ह्याचे उत्तर जवळजवळ निम्म्यावर आले. हंबोल्टसारख्या थोर माणसाच्या चित्रातही ‘हे कुठले’ ह्याचा खुलासा पुरता नव्हता, म्हणून दोन शतकांनंतर एवढा घोळ झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. ज्या कागदावर स्थळ आणि तिथी नाही, त्याची गत अशीच होते.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्नियातली. तिथे बर्कलीच्या विद्यापीठात १९०८ साली एक प्राणिसंग्रहालय निघाले. पिंजऱ्यातल्या प्राण्यांचे नव्हे. कातडी, हाडे आणि नोंदवह्या जपणारे. त्याला पैसा दिला ॲनी अलेक्झांडर नावाच्या बाईंनी. त्यांच्या घराण्याने साखरेच्या धंद्यात संपत्ती मिळवली होती. आपल्या साखरपट्ट्यातल्या मंडळींनी हे जरूर ध्यानात घ्यावे! बाई नुसत्या देणगी देऊन बसल्या नाहीत. स्वतः रानोमाळ हिंडून त्यांनी नमुने जमवले. संग्रहालयाचे पहिले प्रमुख होते जोसेफ ग्रिनेल. वय एकतीस वर्षांचे, आणि शिस्त मात्र जुन्या फडणिसाची.

ग्रिनेल ह्यांना दिसत होते, की कॅलिफोर्नियात माणसांची वस्ती झपाट्याने वाढते आहे. शेते, शहरे, रस्ते होताहेत, आणि मूळचे प्राणी मागे हटताहेत. ते सारे थांबवणे आपल्या हाती नाही. पण काय होते ते लिहून ठेवणे तर हाती आहे! १९१० साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी म्हटले, की ह्या संग्रहाचा खरा उपयोग आज होणार नाही. पुष्कळ वर्षांनी, कदाचित शंभर वर्षांनी, तो एखाद्या भावी अभ्यासकाला होईल. शंभर वर्षांनंतरच्या अनोळखी माणसासाठी आज राबणे ही सोपी गोष्ट नव्हे. आंबा लावणारा म्हातारा नातवासाठी लावतो. इथे नातवाचे नावगावही ठाऊक नव्हते.

नोंदीचा त्यांचा शिरस्ता असा. दिवसभर पाहिलेले त्याच दिवशी लिहायचे. न पुसणाऱ्या शाईने लिहायचे. प्रत्येक पानावर तारीख आणि स्थळ घालायचे. किती सापळे लावले, किती रात्री लावले, कशात काय सापडले आणि किती सापळे रिकामे राहिले, हेही टिपायचे. आज क्षुल्लक वाटते म्हणून काही गाळायचे नाही, कारण पुढे कशाचे महत्त्व वाढेल ते आज सांगता येत नाही. अशा रीतीने त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात शेकडो ठिकाणे पाहिली. १९१४ ते १९२० ह्या काळात योसेमिटीच्या परिसरात त्यांनी पश्चिमेकडच्या सखल खोऱ्यापासून सिएरा नेवाडा पर्वताच्या माथ्यावरून पलीकडच्या मोनो सरोवरापर्यंत एक लांब पट्टाच तपासला. त्यावर ग्रिनेल आणि ट्रेसी स्टोरर ह्यांचे पुस्तक १९२४ साली निघाले. १९३९ साली ग्रिनेल वारले. हवा तापेल, हे काही त्यांनी गृहीत धरले नव्हते. वह्या कपाटात राहिल्या. आमच्या गुरुजींच्या राहिल्या तशाच. फरक एवढाच, की त्या कोणी रद्दीत घातल्या नाहीत.

२००३ साली त्याच संग्रहालयातली माणसे त्या वह्या घेऊन त्याच जागी पुन्हा गेली. जुन्या छायाचित्रांवरून दगड, झाडे ओळखत त्यांनी जुन्या छावण्यांच्या जागा शोधल्या आणि पुन्हा सापळे लावले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रात्रीचे किमान तापमान सुमारे ३ अंशांनी वाढले होते. उंदीर, खारी अशा २८ जातींच्या लहान सस्तन प्राण्यांपैकी निम्म्या जातींच्या हद्दी सरासरी ५०० मीटर, म्हणजे सुमारे १,६०० फूट, वर सरकल्या होत्या. खालच्या प्राण्यांचा मुलूख वाढला, आणि माथ्यावरच्या प्राण्यांचा आकसला. चिपमंक नावाची एक पट्टेदार खार आहे. तिची उंच पर्वतावर राहणारी जात अशीच आकसत गेली. शंभर वर्षांपूर्वीची कातडी आणि आजचे नमुने ताडून पाहता तिच्यातली आनुवंशिक विविधताही घटल्याचे दिसले. ती कातडी जपली त्या काळी असली तपासणी कोणाच्या स्वप्नातही नव्हती!

इथे एक शंका येईल. प्राणी आज दिसला नाही, म्हणजे तो नाहीच असे कशावरून? किंवा त्या काळी तो होता, पण ग्रिनेल ह्यांना दिसलाच नसेल तर? शंका रास्त आहे. तिचे उत्तर त्या रिकाम्या सापळ्यांच्या नोंदीत आहे. इतके सापळे इतक्या रात्री लावूनही प्राणी मिळाला नाही, तर तो तिथे नसण्याचा संभव किती, हे गणिताने काढता येते. सापडले ते सारेच लिहितात. न सापडलेलेही ज्याने लिहिले, त्याचीच वही खऱ्या अर्थाने पुरावा झाली.

ह्यातून दोन गोष्टी निघाल्या, आणि दोन्ही नियोजनाच्या मुळाशी जाणाऱ्या आहेत.

पहिली अशी. योसेमिटी हे १८९० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे ना नांगर, ना कारखाना. तरीही प्राणी सरकले. वणव्यांतला आणि झाडोऱ्यातला बदल हे त्याचे एक कारण खरे; पण मोठे कारण हवेचे. रानाभोवती हद्द आखावी, पहारा बसवावा, की आतले सारे जसेच्या तसे राहील, ही आपली जुनी समजूत. हद्द आवश्यकच आहे, ती मोडू नये. पण हवा हद्द मानत नाही, आणि प्राणीही हवेमागे हद्दीबाहेर जातो. तो बाहेर पडला, की त्याला पुढे वाट हवी.

दुसरी गोष्ट अशी, की सगळे जीव सारखे वागत नाहीत. त्याच कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात जुन्या जागी पुन्हा पक्षी मोजले. एकेका ठिकाणच्या पक्ष्यांच्या जाती सरासरी ४३ टक्क्यांनी घटल्या होत्या. २०१८ साली हे प्रसिद्ध झाले. मग लोकांना वाटले, उंदरांचेही तसेच झाले असणार. पण २०२१ साली कळले, की त्या वाळवंटातले लहान सस्तन प्राणी बहुतांशी टिकून आहेत. कारण साधे आहे. ते दिवसा बिळात राहतात आणि रात्री बाहेर पडतात. पक्ष्याला मात्र उन्हात अंग निववायला पाणी लागते, आणि वाळवंटात ते आणायचे कुठून? नुसत्या अंदाजाने योजना आखली असती, तर ज्यांना गरज नाही त्यांच्यावर खर्च झाला असता, आणि ज्यांना आहे ते राहून गेले असते.

आता ह्या नोंदींवरून योजना कशी आखतात, ते थोडक्यात पाहू. प्रथम एखादा जीव जिथे जिथे सापडला ती ठिकाणे नकाशावर मांडतात. तिथली उष्णता, पाऊस, उंची पाहून त्या जिवाला काय सोसते ते ठरवतात. मग पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हवा कशी होईल, ह्याच्या गणिती अंदाजाचा नकाशा त्यावर ठेवतात. ज्या जागी तो आजही राहू शकतो आणि उद्याही राहील, ती त्याची आश्रयस्थाने. उत्तरेकडच्या सावलीतले उतार, बारमाही झरे, खोल घळी अशा जागा पुष्कळदा आश्रयस्थाने ठरतात. त्या आधी राखायच्या. नंतर आजच्या जागेपासून उद्याच्या जागेपर्यंत जाण्याचा पट्टा शोधायचा, आणि तो रस्त्याने, कुंपणाने तुटत असेल तर जोडायचा. शेवटचा हिशेब पैशाचा. सारे राखणे परवडत नाही. मग कमीत कमी जमिनीत जास्तीत जास्त जाती कशा बसतील, हे संगणकाकडून काढून घेतात. ऑस्ट्रेलियात मार्क्सन नावाची अशी एक प्रणाली तयार झाली. तिथल्या प्रवाळाच्या सागरी उद्यानाची २००४ साली फेररचना झाली, तेव्हा तिचे साहाय्य घेतले होते. पण संगणक कितीही हुशार असो, त्याच्या घशात घालायचा दाणा म्हणजे ह्या नोंदीच. जात्यात काही पडलेच नाही, तर पीठ कुठून येणार?

तुम्ही म्हणाल, हे झाले परमुलखाचे. आपल्याकडे काय? आपल्याकडेही दप्तर आहे, मंडळी. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने १९११ साली हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. तिचा पहिला अहवाल कुठला होता, ठाऊक आहे? आपल्या खानदेशचा! तिकडे ग्रिनेल ह्यांच्या योसेमिटीतल्या पाहणीला अजून तीन वर्षे अवकाश होता. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर थिओडोर कुक ह्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या काळात भागाभागाने निघाला. जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटियरे आहेत. आपल्या देवरायांची पाहणी माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी १९७० च्या दशकात केली. पुढे २०१० साली केंद्र सरकारने गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी एक समिती नेमली. तिने साऱ्या घाटाचे सुमारे नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले, आणि कुठला चौकोन किती नाजूक हे गुण देऊन ठरवले. २०११ च्या त्या अहवालातल्या शिफारशींवर पुष्कळ वाद झाले. तो आजचा विषय नव्हे. पण चौकोनाला गुण द्यायचे तर चौकोनात काय आहे ते कोणीतरी पाहून लिहिलेले असावे लागते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

आणि आपली अडचण अधिक बिकट आहे. सिएरा नेवाडातल्या खारीला चढायला पर्वत शिल्लक होता. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटरचे. महाबळेश्वरचे पठार त्याहून ठेंगणे. माथ्यावरच्या सदाहरित रानातल्या जिवाला ५०० मीटर वर जायची पाळी आली, तर त्याने कुठे जावे? वर आकाश आहे. म्हणून आपल्याकडे आश्रयस्थानांचे मोल फार. कड्याखालची ओली घळ, डोंगराच्या कुशीतली देवराई, बारमाही पाण्याचा ओढा, ह्या जागा आपण ‘पडीक’ म्हणून मोकळ्या होतो. माळरानाला तर हमखास पडीक म्हणतो, आणि झाडे लावून ‘सुधारतो’. वास्तविक माळ हाही रानाचा एक मूळचा प्रकार आहे. माळढोक, तणमोर, लांडगा ह्यांचे ते घर आहे. तिथे पूर्वी काय होते ह्याची नोंद असेल, तर अशी चूक टळते.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यावरची बाडे उघडली, आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापून काढली. पुष्कळसे कागद तोवर वाळवीने खाल्ले होते. पण जे वाचले, त्यावर आज आपला इतिहास उभा आहे. रानाच्या साधनांचीही तीच गत आहे. फरक एवढाच, की ही साधने लिहिण्याचा अधिकार पंडितांपुरता नाही. तो तुमचा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितले आहे. तुमच्या गावची वही कुठे आहे, हे एकदा ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. ती मिळाली, तर उघडून पाहा. रान पाहून भरलेली वही आणि रकाने भरण्यासाठी भरलेली वही, ह्यांतला फरक गावकऱ्याला पहिल्याच पानावर कळतो. म्हातारी माणसे, गुराखी, मासे धरणारे, औषधी पाला ओळखणाऱ्या आजीबाई, ह्यांना विचारून ती नीट भरता येईल.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी वेगळी विनंती आहे. एक वही घाला. वर्षातून पाच-सहा गोष्टीच नेमा. पावशाची पहिली हाक, पहिला मोठा पाऊस, बहाव्याचा फुलोरा, आंब्याचा मोहोर, ओढा आटण्याचा दिवस. तारीख आणि नेमकी जागा लिहा. ‘आंब्याला मोहोर आला’ असे नको. ‘मारुतीच्या देवळामागच्या आंब्याला’ असे लिहा. एखाद्या वर्षी पावशा ऐकूच आला नाही, तर तेही लिहा. ती नोंद सर्वांत मोलाची ठरू शकेल. मुलांच्या हातून लिहवून घ्या. आणि वर्षअखेर तिची एक प्रत शाळेबाहेर, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत, ठेवून द्या.

ह्या शेवटच्या गोष्टीवर माझा भर का, ते तुम्हांला आता सांगायला नको. आमच्या गुरुजींच्या वह्यांची दुसरी प्रत असती, तर आमच्या गावचा बहावा आज किती दिवस आधी फुलतो की फुलत नाही, हे मी तुम्हांला सांगू शकलो असतो. ते आता कोणालाच सांगता येणार नाही. गेल्या जूनपासून मी स्वतः एक वही घातली आहे. पहिल्या पानावर गावाचे नाव आहे, तारीख आहे, आणि खाली एवढेच लिहिले आहे: पावशा आज ऐकू आला नाही. पुढच्या पानावर मात्र तो ओरडला आहे.